उपडे डबे

ज्या वर्षी काकूला जुळी झाली, त्याच वर्षीच्या सुट्टीत आजोबांनी अख्खी डोंगरवाट चालायची ठरवली.

"घरात कुणाला झोप नाही," ते म्हणाले. "मी आपला डोंगरात जाऊन झोपतो!"

पण ही थट्टा झाली. खरं कारण गुडघ्यांचं होतं. डॉक्टरांनी आजोबांचे दोन्ही गुडघे वाकवून, त्यांतली कटकट कान देऊन ऐकली होती आणि सांगितलं होतं, "चालायचं असेल तर या वर्षी. पुढच्या वर्षी जिना चढलात तरी खूप झालं."

आजोबा जन्मभर रंगारी. उंच इमारतींच्या बाहेर दोराच्या झुल्यात बसून भिंती रंगवताना त्यांना लांबची डोंगररांग या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायची. तिच्या माथ्यावरून एकदा सलग चालत जायचं, हे त्यांनी तरुणपणीच मनाशी धरलं होतं. मग पोरं झाली, नातवंडं झाली आणि चालायचं राहून गेलं. आता या वर्षी नाही, तर कधीच नाही!

सोबतीला टेलरकाका. आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. काडीसारखे बारीक, आणि चहाशिवाय ज्यांचं शिलाई मशीनसुद्धा हलत नाही असे.

मुंगी सुट्टीत आजोबांच्या घरी, काका-काकूंकडे, राहायला आली होती. मुंगी बारा वर्षांची. सतत काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असायची, म्हणून मुंगी. तिचा धाकटा भाऊ सदा तिच्या मागे, म्हणून तो शेपूट. आणि काकांचा मोठा मुलगा पंडित. तो तेरा वर्षांचा, आणि त्याला सगळं माहीत असायचं. नसलं तरी असायचं!

आजोबांची मागची खोली म्हणजे रंगांचं गोदाम. तिथे जमिनीवर चादर पसरून तिघं जेवणाच्या पुड्या बांधत होते.

"नीट समजून घ्या," आजोबा म्हणाले. "सगळं जेवण पहिल्याच दिवशी पाठीवर घेतलं, तर माणूस चालत नाही, नुसता वाकतो. म्हणून थोडं न्यायचं, आणि बाकीचं पिंपात भरून वाटेवर पुढे पाठवून ठेवायचं. आपण पोचू तिथे आपलं पिंप आपली वाट बघत बसलेलं पाहिजे."

"आणि नसलं तर?" शेपटाने विचारलं.

"तर मी तुला खाईन!"

"मी पुरणार नाही," शेपूट गंभीरपणे म्हणाला. "टेलरकाका पण आहेत."

वाटेवरच्या पहिल्या दोन गावांत दुकानं होती, त्यामुळे तिथली फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती दगडी निवाऱ्याची. निवारा म्हणजे डोंगरावरची एक दगडी खोली आणि तिचा राखणदार. तिथे फोनसुद्धा लागत नाही. तिथून पुढची वाट सगळ्यात उंच. तिथे दुकान नाही, घर नाही, चुलीत घालायला झाडाची काडीसुद्धा नाही. नुसते दगड, गवत आणि वारा. जे खायचं ते निवाऱ्यातूनच उचलायचं, आणि शिजवायचं ते गॅसवर.

गॅस म्हणजे तांब्याएवढे पत्र्याचे बंद डबे. त्यावर छोटी शेगडी पिळून बसवायची, की झाली चूल. आजोबांनी आणि टेलरकाकांनी गच्चीवर बसून आधी सगळं करून बघितलं होतं. झाकण ठेवून भात शिजवला तर किती गॅस जातो, झाकण न ठेवता किती, वारा असला तर किती. तांदूळ आधी भिजवून ठेवले तर बराच गॅस वाचतो हे मुंगीने शोधून काढलं. आणि टेलरकाकांच्या चहालाच निम्मा गॅस जातो, हे शोधून काढायची गरज पडली नाही.

काकूने मात्र सुरुवातीलाच बजावलं होतं, "जेवण भरा, बांधा, काय ते करा. गॅसला मुलांनी हात लावायचा नाही. ते मोठ्या माणसांचं काम!"

मुलांनी ऐकलं. निवाऱ्याचं पिंप त्यांनी असं भरलं, की उंदराला शेपूट घालायला जागा नव्हती. तांदूळ, डाळी, वाळवलेल्या भाज्या, मीठ, साखर, चहा. प्रत्येक दिवसाची पुडी वेगळी.

आजोबा आणि टेलरकाका पाठीवर पिशव्या टाकून निघून गेले. पुढे काही दिवसांनी खेचरवाला निवाऱ्याचं सामान न्यायला आला. तो महिन्यातून एकदाच वर जायचा. मुलांनी पिंप त्याच्या हवाली केलं. गॅसचे डबे काकांनी काढून दिले. काका तेव्हा एका खांद्यावर एक जुळं आणि डोळ्यांत तीन रात्रींची राहिलेली झोप घेऊन फिरत होते.

त्यानंतर एका संध्याकाळी वाटेवरच्या गावातून आजोबांचा फोन आला. "परवा निवाऱ्यावर पोचतो! वरची हवा या आठवड्यापुरतीच चांगली आहे म्हणे. मग ढग उतरले की वाट बंद. एक दिवससुद्धा वाया घालवायचा नाही आता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाली, "मागच्या खोलीत रिकाम्या गॅसच्या डब्यांचं पोतं आहे. ते तेवढं दाराशी आणून ठेवा. भंगारवाला येईल."

मुंगी खोलीत गेली. पोत्याचं तोंड धरून तिने उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"पंडित, रिकामं पोतं इतकं जड असतं?"

"पत्रा आहे तो," पंडित म्हणाला. "पत्रा म्हणजे धातू. धातू म्हणजे जड."

"मग माझा का नाही जड?" शेपटाने विचारलं. गच्चीवर संपलेला एक डबा त्याने आजोबांकडून मागून घेतला होता आणि तो त्याचा क्रिकेटचा स्टंप होता. चेंडू नुसता जवळून गेला तरी पडायचा.

मुंगीने पोत्यातला एक डबा काढून कानाशी हलवला. आत काहीतरी खळखळलं!

"पाणी शिरलं असेल," पंडित म्हणाला.

"टोपण लावलेल्या डब्यात? कुठून शिरलं, पंडितजी? मंत्र म्हणून?"

पंडितने डबा घेऊन स्वतःच्या कानाशी हलवला.

"वजन करूया," मुंगी म्हणाली. "म्हणजे वादच नको."

घरात वजनाचा काटा होता तो जुळ्यांचा. आकड्याला कापडाची झोळी टांगलेली, आणि वर तबकडी. काकू दर आठवड्याला त्यात एकेक बाळ घालून बघायची. शेपटाने आपला स्टंप झोळीत घातला. काटा जेमतेम हलला. मग पोत्यातला डबा घातला. काटा टुणकन पुढे गेला! दुसरा डबा घातला, तिसरा घातला. सगळ्यांचं वजन सारखंच.

"हे भरलेले आहेत," मुंगी हळूच म्हणाली. "सगळे!"

"मग निवाऱ्यावर काय गेलं?" शेपटाने विचारलं.

तिघांनाही ते कळलं होतं. आजोबा उद्या निवाऱ्यावर पोचणार, पिंप उघडणार, त्यात तांदूळ आणि डाळी. शिजवायला काही नाही. गॅस नसेल तर तांदूळ काय आणि खडे काय, सारखेच. आजोबांना परत फिरावं लागणार, आणि पुढचं वर्ष म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला जिना!

तिघं काकांच्या खोलीकडे धावले. दारात काकू उभी.

"उठवू नका रे त्यांना! आत्ता कुठे डोळा लागलाय."

"काकू, भलतेच डबे गेलेत! रिकामे वर गेले आणि भरलेले भंगारात!"

"काहीतरीच काय? त्यांनी स्वतः बघून दिलेत."

आतून काकांचा झोपाळू आवाज आला. "मी स्वतः बघून दिलेत. खोक्यात सरळ होते ते भरलेले. उपडे होते ते रिकामे, ते पोत्यात टाकले. त्यात काय चुकायचंय?"

"उपडे म्हणजे रिकामे असं कुणी सांगितलं?" मुंगीने विचारलं.

"कुणी कशाला सांगायला हवं?" काकांनी डोळे न उघडता स्वयंपाकघराकडे बोट केलं. "बघ की."

मुंगीने बघितलं. ओट्यावर जुळ्यांच्या दुधाच्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. धुतलेल्या, रिकाम्या त्या उपड्या. दूध भरून तयार त्या सरळ. काका रात्रभर अर्धवट झोपेत हात घालायचे तो याच हिशेबाने, आणि कधी चुकायचे नाहीत.

पण गॅसचे डबे काकांनी लावले नव्हते. ते आजोबांनी लावले होते. मुंगी तशीच मागच्या खोलीत धावली. फळ्यांवर आजोबांचे रंगाचे डबे होते. पांढरा, पिवळा, विटकरी. सगळेच्या सगळे उपडे! फक्त खिडकीत एक डबा सरळ होता, आणि त्यात ब्रश उभे केले होते.

"पंडित! रंगाचे डबे उपडे का असतात?"

हे पंडितला खरोखरच माहीत होतं. "भरलेला डबा उपडाच ठेवतात! म्हणजे झाकणातून हवा जात नाही आणि रंगावर साय धरत नाही. आजोबा कधीपासून तसंच ठेवतात. रिकामा झाला की सरळ."

"म्हणजे आजोबांचा उपडा भरलेला आणि काकांचा उपडा रिकामा!"

दारात काका उभे होते. त्यांची झोप खाडकन उतरली होती. "अरे देवा! बाबांनी मला सांगायचं तरी!"

"तुम्ही एक डबा हलवून बघायचात तरी!" काकू म्हणाली.

"हलवायला हात कुठे होता? दोन्ही हातांत तुझी पोरं!"

"माझी? आणि तुमची कोण?"

"आई, बाबा, नंतर भांडा!" पंडित ओरडला. "खिंडीकडे जाणारी बस सुटेल!"

खिंडीतून निवाऱ्यावर चढून जायचं म्हणजे काही तासांची वाट. बस पकडली असती तर संध्याकाळपर्यंत खिंड आणि उद्या सकाळी निवारा. काकांनी पोतं उचललं आणि चौघं स्टँडवर पळत सुटले. बस उभी होती. कंडक्टर दारात पोतं बघून थांबला.

"काय आहे यात?"

"अं... खेळणी," काका म्हणाले.

"गॅसचे डबे आहेत," मुंगी म्हणाली. "भरलेले."

काकांनी डोळे वटारले. कंडक्टरने तर दोन्ही हात आडवे धरले. "खाली! बसमध्ये माणसं बसतात! हे घेऊन चढलात तर मी उतरेन!"

बस निघून गेली. धुरळ्यात चौघं आणि एक पोतं.

"तुला गप्प बसता आलं नाही?" काका म्हणाले.

"भर उन्हात तापलेली बस, आणि पायाखाली गॅस! काका, तुम्हीच सांगता ना, गॅसशी खेळायचं नाही?"

काकांनी भाड्याच्या जीपची चौकशी केली. ती बाहेरगावी गेलेली. खेचरवाला अजून परतलेला नव्हता. खिंडीला जाणारी आणखी एकच बस होती, दुपारची, आणि तिचा कंडक्टरही कंडक्टरच असणार!

शेपूट पोत्यावर बसून रडायच्या बेताला आला. "आजोबा उपाशी राहणार..."

मुंगीने पोत्याभोवती दोन चकरा मारल्या. मग एकदम म्हणाली, "आपल्याला काय पोचवायचंय? गॅस?"

"मग काय, हवा?" पंडित म्हणाला.

"जेवण पोचवायचंय! गॅस लागतो तो तांदळाला. तांदूळच नसले तर? न शिजवता खाता येईल असंच सगळं नेलं तर? जेवणाला कंडक्टर कशाला अडवेल?"

काका आ वासून बघत राहिले. पंडितने डोकं खाजवलं. खोट काढायची सवय त्याला होतीच. "डाळी भिजवून मोड काढता येतील... पण नाही, वर थंडी आहे, मोड येणार नाहीत. आणि पाणी?"

"वरचं पाणी झऱ्याचं आहे, आजोबांनी राखणदाराला विचारून घेतलं होतं."

"मग चल! पळ! दुपारची बस!"

घरी जी धावपळ उडाली ती विचारू नका. काकूने मोठ्या कढईत पीठ खमंग भाजायला घेतलं. त्यात लोणी, पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून ती मळत गेली आणि मुंगी त्याचे मुठीएवढे गोळे वळत गेली. पंडितने वाण्याकडून खारे दाणे, खजूर, बेदाणे, चीज आणि दुधाची पावडर आणली. काकांनी पावाचे काप तव्यावर कडक करून घेतले, आणि दोन करपवले. शेपूट दोन्ही पाळण्यांच्या मधे बसून दोन हातांनी दोन दोऱ्या ओढत होता.

"किती लागेल ते कसं ठरवणार?" काकूने विचारलं.

"जितके दिवस, तितके ढीग," मुंगी म्हणाली. "आणि प्रत्येक ढीग झोळीत घालून बघायचा. टेलरकाका बारीक आहेत, पण खातात आजोबांपेक्षा जास्त. आणि वर एका दिवसाचं जादा. वारा सुटला आणि बसून राहावं लागलं तर?"

जुळ्यांच्या झोळीत पुन्हा वजनं झाली. जिथे कमी तिथे एक गोळा, जिथे जास्त तिथला शेपटाच्या तोंडात.

मग जायचं कुणी हा प्रश्न आला.

"मी जातो," काका म्हणाले आणि उजव्या पायातला बूट डाव्या पायात घालू लागले.

"तुम्ही बसमध्ये झोपाल आणि शेवटच्या स्टॉपला उतराल," काकू म्हणाली. "पोरांना जाऊ दे. खिंडीतल्या चहावालीला मी फोन करते. आज रात्री ती ठेवून घेईल. वाटेवर खुणा आहेत, दिवसाउजेडी जायचं आहे."

"आणि मी?" शेपटाने विचारलं.

"तू लहान आहेस."

"शेपूट कधी मागे राहतं का? ते मागेच असतं, पण बरोबर जातं!"

काकूने त्याच्याही हातात एक पिशवी दिली, आणि शेपूटही गेला.

दुपारच्या बसचा कंडक्टर पिशव्या हुंगून म्हणाला, "वास तर झकास आहे!" मुंगीने त्याला एक गोळा दिला. जादा दिवसाच्या ढिगातला नव्हे, स्वतःच्या वाटणीचा.

खिंडीतली चहावाली जाडजूड आणि मोठ्या आवाजाची होती. सकाळी तिने तिघांना गरम दूध पाजलं, दोन गोष्टी तीनतीनदा सांगितल्या आणि वाटेला लावलं. "खांबावरची पाटी बघायची! पाटी म्हणेल तिकडेच जायचं!"

पहिला चढ मजेत गेला. मग धुकं उतरलं. समोर चालणाऱ्या पंडितची पिशवी तेवढी दिसत होती, पंडित दिसत नव्हता. अशात दोन वाटा फुटल्या. मधे खांब होता, त्यावर पाटी होती, 'निवारा' असं लिहिलेलंही होतं. बाण उजवीकडे.

"उजवीकडे!" पंडित म्हणाला.

मुंगीने खांबाला हात लावला. खांब भोवऱ्यासारखा गर्रकन फिरला आणि बाण डावीकडे झाला!

"अरेच्चा! वाऱ्याने फिरलाय! ज्याने रोवला त्याने पायाशी दोन दगड तरी ठोकायचे की नाही?"

"आता?" पंडितचा चेहरा उतरला. "अंदाजाने गेलो तर चुकू. आणि चुकलो तर..."

मुंगीने खाली वाकून डावी वाट थोडी बघितली, मग उजवी. मग हसायलाच लागली. "इकडे या! हे काय आहे?"

"शी!" शेपटाने नाक धरलं. "लीद!"

"खेचराची! खेचरवाला आपलं पिंप घेऊन याच वाटेने वर गेलाय. खेचराला पाटी वाचता येत नाही, पण रस्ता चुकत नाही!"

तिघांनी आधी खांब सरळ करून त्याच्या बुडाशी दगड ठोकले. "मागून येणाऱ्याचा जीव जायचा," पंडित म्हणाला. मग ते लीद शोधत शोधत डाव्या वाटेने निघाले. शेपटाला या कामात भलताच रस आला. "इथे आहे! इथे पण! इथे तर केवढी!"

बरंच वर गेल्यावर धुक्यातून माणसांचे आवाज आले. दोन म्हातारे भांडत खाली येत होते.

"मी म्हटलं होतं, कच्चे तांदूळ चावून खाऊ!"

"तुझ्या कवळीने? गप चल!"

"आजोबा!" शेपूट ओरडला आणि धुक्यात घुसला.

आजोबाच होते! काठी टेकत, एकेक पाऊल मोजत उतरत होते, आणि मागे टेलरकाका. मुलांना बघून दोघं वाटेतच खिळले.

"तुम्ही? इथे? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे! पण तुम्ही खाली का निघालात?"

आजोबांनी कपाळावरचा घाम पुसला. "एक दिवस आधी, काल संध्याकाळीच पोचलो निवाऱ्यावर. गॅसचे सगळे डबे रिकामे. काय झालं ते कळलंच नाही. राखणदाराकडे फक्त लाकडाची चूल, ती काही पाठीवर नेता येत नाही. खाली जाऊन काही सोय करून परत वर येईपर्यंत हवा बिघडणार." ते थांबले. "संपलं, पोरांनो. जेवढं चाललो तेवढं चाललो."

मुंगीने कधी आजोबांचा आवाज असा ऐकला नव्हता. तिने पाठीवरची पिशवी उतरवली आणि तोंड सोडलं.

"संपलं नाही, आजोबा. हे बघा. यातलं काहीच शिजवायचं नाही!"

आजोबा वाटेतल्या दगडावर बसले. एक गोळा त्यांनी मोडून खाल्ला. मग रंगाच्या कामाला माणूस ठेवताना विचारायचे तसे एकेक प्रश्न विचारू लागले.

"रोजचं वेगळं बांधलंय?"

"हो. प्रत्येक दिवसाची पुडी वेगळी. वजन करून."

"मीठ? घामातून जातं ते?"

"दाणे खारे आहेत. पिठातही घातलंय."

"नुसतं गोडच गोड नाही ना? दोन दिवसांत नकोसं होतं."

"चीज आहे, कडक पाव आहे. दोन करपलेत, ते काकांनी भाजले."

"वाऱ्याने एक दिवस अडकलो तर?"

"जादा दिवसाचं आहे. तळाशी."

आजोबांनी उरलेला गोळा तोंडात टाकला. मग त्यांनी टेलरकाकांच्या पिशवीतून शेगडी काढली, पातेलं काढलं, झाकण काढलं, आणि एकेक करून पंडितच्या हातात दिलं.

"हे खाली घेऊन जा. गॅस नाही तर शेगडी नको, पातेलं नको. ओझं केवढं कमी झालं! मला हे आधी का नाही सुचलं?"

"आणि चहा?" टेलरकाका कळवळून म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. चहाचा विचार कुणीच केला नव्हता!

"थंड पाण्यात पत्ती भिजवून ठेवा," मुंगी चाचरत म्हणाली. "सकाळपर्यंत रंग तरी येईल."

"रंग याच्या भिंतींना हवा, माझ्या चहाला चव हवी!"

"मग तू जा खाली," आजोबा म्हणाले. "मी चाललो वर!" आणि गुडघे धरून उठलेसुद्धा. टेलरकाकांनी आकाशाकडे बघून हात जोडले आणि तेही वळले.

पाचही जण निवाऱ्यावर पोचले तेव्हा धुकं विरलं होतं. राखणदाराने चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि टेलरकाकांना पुढच्या सगळ्या दिवसांचा चहा एका बैठकीत पाजला. मुलांनी त्याला पाटीबद्दल सांगितलं, तेव्हा तो जीभ चावून म्हणाला, "माझंच काम ते! उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलं. बरं झालं तुम्ही केलंत."

रिकाम्या डब्यांची गोष्ट ऐकून आजोबा हसतील असं मुंगीला वाटलं होतं. पण ते हसले नाहीत. "निम्मी चूक माझी," ते म्हणाले. "मी माझ्या सवयीने डबे लावले आणि कुणाला सांगितलं नाही. त्याने त्याच्या सवयीने उचलले आणि कुणाला विचारलं नाही. तुम्ही मात्र वजन करून बघितलंत!" त्यांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "मी खूप माणसं कामाला ठेवली आयुष्यात. तुमच्यासारखी तिघं मिळाली असती तर शहर रंगवून काढलं असतं."

"मी पण?" शेपटाने विचारलं.

"तू तर मुकादम!"

ते दोघं पुढे निघाले. मुलं निवाऱ्याच्या भिंतीवर उभी राहून बघत होती. गवताच्या उतारावर दोन ठिपके हळूहळू वर जात होते. एक सरळ, एक जरा लंगडत. कड्यावर पोचल्यावर लंगडणाऱ्या ठिपक्याने काठी उंच धरली. मग दोघंही पलीकडे गेले. राखणदार खाली सामान आणायला निघाला होता. त्याने तिघांना खिंडीतल्या बसपर्यंत सोडलं.

हवा टिकली. शेवटच्या दिवशी वाऱ्याने अडवलं, तेव्हा तळाशी ठेवलेली जादा दिवसाची पुडी सोडावी लागली. डोंगररांगेच्या पार टोकाच्या गावातून आजोबांचा फोन आला, तेव्हा घरात जुळीसुद्धा गप्प झाली. काकांनी आधी माफी मागितली, मग विचारलं, "कसे आहात, बाबा?"

"गुडघे गेले," आजोबा म्हणाले. "पण वाट पुरी झाली! मुंगीला दे."

मुंगीने फोन घेतला. आजोबा एवढंच म्हणाले, "टोकावरून दोन्हीकडे बघितलं. एका बाजूला मी चाललेली सगळी रांग होती, आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. तुमच्यामुळे बघितलं, बरं का."

त्यावर काकू म्हणाली, "यापुढे या घरात गॅसला फक्त मुलांनी हात लावायचा!" आणि काकांनी मान डोलावली. ती झोपेमुळे डोलली की खरंच पटलं म्हणून, ते कळलं नाही.

आजोबा पुढच्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, घरीच वारले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. टेलरकाका त्यांच्यानंतर चार वर्षांनी गेले.